जखमी निवृत्त २

बार्बाडोस विरुद्ध भारतीय संघ, ब्रिजटाऊन, मार्च १९६२. या सामन्याचा धावफलक कधी हाती लागला तर भारताच्या पहिल्या डावातली वरची ओळ बघा. नारी कॉन्ट्रॅक्टर, जखमी निवृत्त, २. धावफलक लिहिणाऱ्याकडे तेवढीच जागा असते. बोटाला लागून बाहेर गेलेल्या फलंदाजासाठीही हेच दोन शब्द आणि ज्याच्या कवटीला तडा गेला त्याच्यासाठीही हेच.

त्या दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला. आपल्या क्रिकेटच्या गोष्टींत म्हणून तो दौरा फारसा सांगितला जात नाही. सांगितला तर कॉन्ट्रॅक्टरच्या अपघातापुरता. मला मात्र या ०-५ बद्दल कायम आदर वाटत आला आहे. अजित वाडेकरच्या संघाचा १९७१चा विजय आपण डोक्यावर घेतो आणि घ्यावाच. पण त्याच मैदानांवर नऊ वर्षं आधी, डोक्यावर साधी टोपी घालून, आपला कप्तान इस्पितळात पडलेला असताना काही माणसं फलंदाजीला उतरली होती. त्यांचीही आठवण त्याच आवाजात काढायला हवी.

वेगवान गोलंदाजीचं नाव काढलं की त्या काळच्या भारतीय फलंदाजाला एक डाग चिकटलेला असे. तो लागला १९५२ साली इंग्लंडमध्ये. हेडिंग्लेच्या दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्य आणि चार गडी बाद. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर तंबूत, फलकावर एकही धाव नाही. समोर फ्रेड ट्रूमन, पहिलीच कसोटी खेळणारा. याच मांजरेकरनं त्याच सामन्याच्या पहिल्या डावात विसाव्या वर्षी १३३ धावा काढल्या होत्या आणि विजय हजारेबरोबर २२२ची भागी केली होती, पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते शून्यावर चार. त्या मालिकेत पॉली उम्रीगरच्या सात डावांत मिळून ४३ धावा झाल्या. सहा फुटी, रुंद खांद्यांचा हा पारशी गडी, जन्म सोलापूरचा, खेळ मुंबईचा. ट्रूमन धावत आला की तो लेगच्या पंचाकडे सरकतो, असं इंग्लंडात हसत हसत सांगितलं जाई. हे हसू त्याच्या मागे दहा वर्षं लागलं होतं.

कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी होती. हा डावखुरा सलामीवीर गोध्र्यात जन्मला आणि गुजरातकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात दोन्ही डावांत शतकं काढून आला. १९५९ साली लॉर्ड्सवर ब्रायन स्टॅथमच्या चेंडूनं त्याच्या बरगड्या मोडल्या. तो मैदान सोडून गेला नाही. श्वास घेताना कळ येत असणार, बॅट उचलताना तर जास्तच, पण त्यानं ८१ केल्या. संघाच्या सगळ्या मिळून १६८ होत्या. १९६१-६२च्या हिवाळ्यात त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं इंग्लंडला मालिकेत २-० हरवलं. इंग्लंडविरुद्ध आपला तो पहिला मालिकाविजय. जानेवारीच्या मध्यावर मद्रासची शेवटची कसोटी संपली आणि महिन्याभरात हेच खेळाडू पोर्ट ऑफ स्पेनला नाणेफेकीसाठी उभे होते. विश्रांती नाही, सराव नाही, आणि समोर वेस्ली हॉल.

हॉलला ज्यांनी पाहिलं ते आधी त्याच्या धावेबद्दल बोलतात. सीमारेषेजवळून निघायचा, गळ्यातला क्रूस साखळीला हेलकावे खात असायचा, आणि तो चेंडू टाकण्याच्या जागी पोहोचेपर्यंत फलंदाजाला विचार करायला नको इतका वेळ मिळायचा. त्या मालिकेत त्यानं २७ बळी घेतले. आपल्याकडे वेगवान गोलंदाज म्हणजे मुंबईचा रमाकांत देसाई आणि पुण्याचा वसंत रांजणे. मनानं दोघेही वाघ, पण देसाईला सगळे ‘टायनी’ म्हणत, यावरून अंगलट कळावी.

आणि फलंदाजाच्या अंगावर काय? पायाला पॅड, हातात ग्लोव्हज, आत गार्ड. मांडीला मार लागू नये म्हणून पँटीत टॉवेलाची घडी खोचायची. डोक्यावर टोपी, किंवा तीही नाही. षटकात किती उसळते चेंडू टाकावेत याला मर्यादा नव्हती. चेंडू नाकासमोरून गेला की मान मागे घ्यायची, आणि पुढच्या चेंडूला पाय पुन्हा जिथल्या तिथे आणायचा. खरं धैर्य लागतं ते या दुसऱ्या कामाला. पहिलं तर शरीर आपोआप करतं.

पहिली कसोटी वेस्ट इंडिजनं दहा गडी राखून जिंकली. दुसऱ्या कसोटीत, किंग्स्टनला, पहिल्या डावात ३९५ झाल्या. पुण्याच्या चंदू बोर्डेच्या ९३, नाशिकच्या बापू नाडकर्णीच्या नाबाद ७८. पण वेस्ट इंडिजनं ६३१ करून डाव सोडला, मग हॉलनं सहा बळी घेतले आणि डावानं पराभव झाला. तिथून संघ बार्बाडोसला आला. तिसऱ्या कसोटीआधी बेटाच्या संघाशी एक सामना होता. कसोटीच्या यादीत नसलेला, एरवी कुणाच्या ध्यानातही न राहणारा.

बार्बाडोसनं आधी फलंदाजी केली. मग कॉन्ट्रॅक्टर सलामीला गेला. त्याच्याबरोबर दिलीप सरदेसाई, मडगावचा, वय एकवीस. तीन महिन्यांपूर्वी त्यानं पहिली कसोटी खेळली आणि त्याच डिसेंबरात त्याचा गोवा मुक्त झाला होता. हॉलच्या जोडीला चार्ली ग्रिफिथ होता. अंगानं दांडगा, चेंडू सोडताना छाती फलंदाजासमोर उघडी करणारा. चेंडू हातातून सुटताना नीट दिसतच नसे. तो चेंडू टाकत नाही, फेकतो, अशी कुजबुज तेव्हाही होती.

त्या वेळी तिथे साइटस्क्रीन नव्हता. ग्रिफिथ धावत निघाला आणि नेमक्या त्याच क्षणी पॅव्हेलियनमध्ये कुणी तरी खिडकी उघडली. कॉन्ट्रॅक्टरची नजर क्षणभर तिकडे गेली. पुढे दरवेळी त्यानं ही गोष्ट अशीच सांगितली: नजर गेली, चूक माझी, पुढच्या चेंडूआधी खिडकी बंद करायला सांगू असं मनात आलं होतं. तेवढ्यात चेंडू आला. कानाच्या वर, कवटीवर बसला. टोपी, मग केस, मग हाड. आड येणारं दुसरं काहीच नव्हतं.

तो स्वतःच्या पायांनी चालत तंबूत परतला, म्हणून पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. थोड्या वेळात नाका-कानांतून रक्त यायला लागलं. मग धावाधाव. इस्पितळात नेईपर्यंत त्याची शुद्ध हरपत चालली होती. कवटी फुटली होती आणि आत रक्त साकळून मेंदूवर दाब येत होता.

इकडे खेळ चालूच होता. विजय मांजरेकर गेला आणि त्याला नाकाच्या हाडावर चेंडू लागला. त्यालाही बाहेर न्यावं लागलं. एका डावात दोन फलंदाज डोक्याला मार लागून गेलेले, त्यांतला एक मरणाच्या दारात. खोलीत पॅड बांधून बसलेल्यांच्या मनात काय चाललं असेल, हे सांगायला कुणा लेखकाची गरज नाही.

बार्बाडोसमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ नव्हता. त्रिनिदादहून एकाला बोलावणं गेलं. पण तो विमानानं येईपर्यंत थांबलं तर पेशंट हाती लागणार नाही, हे दिसत होतं. संघाचा व्यवस्थापक गुलाम अहमद. हैदराबादचा हा जुना ऑफस्पिनर; फलंदाजाला कुठे चकवायचं याचे निर्णय त्यानं हजारदा घेतले असतील. आता त्याला होकार द्यायचा होता तो कप्तानाचं डोकं उघडायला. स्थानिक डॉक्टरांनी पहिली शस्त्रक्रिया केली, तज्ज्ञ आल्यावर दुसरी झाली.

रक्त लागणार होतं, पुष्कळ आणि ताबडतोब. पुढे आलेल्यांत बोर्डे होता, नाडकर्णी होता, उम्रीगर होता. वार्तांकनासाठी दौऱ्यावर आलेले पत्रकार के. एन. प्रभू होते, लेखणी खिशात ठेवून तेही बाही वर करून झोपले. आणि या सगळ्यांत पहिला होता फ्रँक वॉरेल. वेस्ट इंडिजचा कप्तान. मालिकेत २-०नं पुढे असलेला.

वॉरेल कोण हे थोडं सांगायला हवं. जन्म याच बार्बाडोसचा, १९२४चा. वेस्ट इंडिजच्या संघात खेळणारे बहुतेक काळे आणि कप्तान मात्र गोराच हवा, अशी तिथली रीत वर्षानुवर्षं चालत आली होती. तिच्याविरुद्ध सी. एल. आर. जेम्स या लेखकानं वर्तमानपत्रातून मोहीम चालवली आणि १९६०-६१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल कप्तान म्हणून गेला. पूर्ण दौऱ्यासाठी नेमलेला पहिला काळा कप्तान. ब्रिस्बेनला क्रिकेटच्या इतिहासातली पहिली बरोबरीतली कसोटी त्याच्याच संघानं खेळली. ती मालिका ते हरले, तरी निघताना मेलबर्नच्या रस्त्यांवर त्यांना निरोप द्यायला माणसांची अलोट गर्दी लोटली. हरलेल्या पाहुण्यांना कुणी असा निरोप देतं? त्या संघानं तो मिळवला होता. भारतही वॉरेलला नवा नव्हता. राष्ट्रकुल संघाबरोबर तो इथे येऊन गेला होता, कानपूरला नाबाद २२३ काढून गेला होता. कॉन्ट्रॅक्टरच्या बिछान्याशी तो आला तेव्हा त्याला तिथे कुणी बोलावलं होतं असं नाही. त्याच्या देशाच्या चेंडूनं, त्याच्या बेटावर, एक माणूस पडला होता. त्यानं हात पुढे केला.

खिलाडूवृत्ती हा शब्द आपण बक्षीस समारंभात वापरून वापरून गुळगुळीत करून टाकला आहे. झेल नीट नव्हता हे कबूल करणं, पंचांनी बोट वर करण्याआधी चालू लागणं, हे सगळं त्यात येतं आणि ते चांगलंच आहे. पण मला या शब्दाचा अर्थ कुणी विचारला तर मी सुई टोचलेला तो दंड दाखवीन.

कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होता. त्या सहा दिवसांत दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे, त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात मांजरेकर पुन्हा फलंदाजीला आला. नाक सुजलेलं, समोर तेच गोलंदाज. नाकाला लागलं की डोळ्यांना पाणी येतं, श्वास तोंडानं घ्यावा लागतो. अशा अवस्थेत त्यानं नाबाद शतक काढलं. विजय मांजरेकर दिसायला बुटका, पुढे पुढे अंगानं भरलेला, पण वेगवान चेंडूला मागच्या पायावर खेळण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. १९५२ साली शून्यावर गेलेल्या त्या चौघांतला हा एक. दहा वर्षांनी त्यानं दिलेलं हे उत्तर कसोटीच्या नोंदीत नाही, म्हणून ते कुणाच्या तोंडी नाही. मला विचाराल तर त्याच्या सातही कसोटी शतकांच्या शेजारी हे आठवं ठेवायला हरकत नाही. याच डावात पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी ग्रिफिथला चेंडू फेकल्याबद्दल नो-बॉल दिला. घरच्या बेटावर घरच्या गोलंदाजाला घरच्या पंचानं. हेही सोपं नव्हतं.

दुसरी गोष्ट, कप्तानी कुणाकडे जायची. उपकप्तान होता मन्सूर अली खान पतौडी. संघातल्या कमी अनुभवाच्या खेळाडूंपैकी एक. आणि जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, जुलै १९६१ मध्ये, होव्ह इथे मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली. २३ मार्चला तो नाणेफेकीला गेला तेव्हा त्याचं वय होतं २१ वर्षं ७७ दिवस. तोपर्यंत इतक्या लहान वयात कुणी कसोटी संघाचं नेतृत्व केलेलं नव्हतं. उम्रीगर, मांजरेकर, बोर्डे हे सगळे त्याला वडीलधारे. ते त्याच्या हाताखाली खेळले.

ही तिसरी कसोटी त्याच केन्सिंग्टन ओव्हलवर झाली. तोच पॅव्हेलियन, त्याच खिडक्या. शेवटच्या दिवशी जेवणाला भारत २ बाद १५८. सरदेसाई आणि मांजरेकर उभे, दोघांनी अर्धशतकं पुरी करून सामना वाचवण्याची आशा लावलेली. जेवणानंतर लान्स गिब्जनं १५.३ षटकं टाकली, त्यांतली १४ निर्धाव, आणि सहा धावांत आठ बळी घेतले. भारत सर्वबाद १८७. गंमत बघा, ज्या वेगाला सगळे घाबरतात म्हणायचे त्याच्यासमोर हे पाय रोवून उभे राहिले आणि फिरकीनं घात केला. एवढ्या दिवसांचा ताण कुठे तरी तुटायचाच होता, तो तिथे तुटला असं मला वाटतं.

मग चौथी कसोटी, पोर्ट ऑफ स्पेन. इथे उम्रीगरपाशी थांबायलाच हवं. वेस्ट इंडिजनं ९ बाद ४४४वर डाव सोडला. त्यांत उम्रीगरचे पाच बळी, १०७ धावांत. भारताच्या पहिल्या डावात १९७, त्यांत उम्रीगर ५६. फॉलोऑन. २४७ धावांनी मागे, मालिका आधीच गेलेली, पाठ दुखत असलेली, वय छत्तीस. दुसऱ्या डावात सलीम दुराणीनं वर येऊन १०४ ठोकल्या आणि मग उम्रीगर सुटला. हॉल आपटत होता आणि हा त्याला समोर मारत होता. ज्याच्याबद्दल लेगच्या पंचाचा विनोद सांगितला जाई, तो त्या दिवशी रेषेतून इंचभर हलला नाही. नाबाद १७२. भारत ४२२. वेस्ट इंडिज सात गडी राखून जिंकलं, पण त्या दिवशी विजेत्याला घाम गाळून १७६ काढाव्या लागल्या. एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी, असं भारताकडून त्याआधी फक्त विनू मंकडनं केलं होतं. मालिकेत उम्रीगरच्या ४४५ धावा झाल्या. ती त्याची शेवटची मालिका ठरली. इंग्लंडच्या पत्रांतून त्या जुन्या हसण्याची कुणी माफी मागितली नाही. त्याची गरजही उरली नव्हती.

पाचवी कसोटी हरून संघ परतला. पुढच्या मोसमात बोर्डानं काय करावं? रॉय गिलख्रिस्ट, चेस्टर वॉटसन, लेस्टर किंग आणि चार्ली स्टेयर्स असे चार वेस्ट इंडियन वेगवान गोलंदाज इकडे बोलावले आणि वेगवेगळ्या संघांतून देशांतर्गत सामन्यांत उतरवले, म्हणजे आपल्या पोरांना वेगाची सवय होईल. स्टेयर्स मुंबईकडून खेळला. ज्या हातांनी मारलं त्यांच्याचकडून शिकायचं, आणि त्यांनीही येऊन शिकवायचं. तो काळ तसा होता.

कॉन्ट्रॅक्टर जगला. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी त्याच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. माणसानं अशा वेळी बॅट माळ्यावर टाकली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो परत मैदानात उतरला आणि १९७०-७१ पर्यंत प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळला. त्याला कसोटीतही परतायचं होतं. निवड समितीनं ते होऊ दिलं नाही. ३१ कसोटींवर त्याचं खातं बंद झालं, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यानं ग्रिफिथला कधीही दोष दिला नाही. जगानं ग्रिफिथला पुष्कळ दिला; पुढे १९६६ साली इंग्लंडमध्ये पुन्हा त्याला फेकीबद्दल नो-बॉल मिळाला. पण ज्याची कवटी फुटली तो माणूस कायम खिडकीचीच गोष्ट सांगत राहिला.

बार्बाडोसच्या त्याच मैदानावर, मार्च महिन्यातच, १९७८ साली ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप हेल्मेट घालून फलंदाजीला आला. कसोटीत हेल्मेट घालणारा तो पहिला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याआधी १९७६ साली किंग्स्टनला आपल्या अंशुमन गायकवाडच्या कानाशी चेंडू लागला होता. शून्यावर चार गेले त्यांतल्या दत्ताजीरावांचा हा मुलगा, ८१वर खेळत होता. गोलंदाज सरळ अंगावर चेंडू टाकत होते, प्रेक्षक ओरडत होते, आणि बिशनसिंग बेदीच्या संघाचे पाच खेळाडू दुसऱ्या डावात खेळायला उरले नव्हते. त्या दिवशी वॉरेल असता तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

पण वॉरेल नव्हता. १९६६-६७च्या हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला तेव्हा तो बरोबर आला होता आणि इथेच त्याच्या आजाराचं निदान झालं. रक्ताचा कर्करोग. परतल्यावर महिन्याभरात, १३ मार्च १९६७ रोजी, जमैकात तो गेला. वय ४२. ब्रिजटाऊनच्या इस्पितळात रक्त दिलं त्याला पाच वर्षं पुरी व्हायची होती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्यासाठी प्रार्थनासभा झाली; तोवर कुणा क्रिकेटपटूला तो मान मिळाला नव्हता.

कोलकात्यात १९८१ पासून दर ३ फेब्रुवारीला बंगालची क्रिकेट संघटना रक्तदान शिबिर भरवते. तो दिवस तिथे फ्रँक वॉरेलच्या नावानं ओळखला जातो. कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यातली पट्टी २०२२ साली मुंबईत शस्त्रक्रिया करून काढली. ती साठ वर्षं तिथे होती; तो तेव्हा ८८ वर्षांचा होता.